लघवीच्या पिशवीचं जुनाट दुखणं आणि त्याचं निदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओटीपोटात सतत कळ, दर अर्ध्या-पाऊण तासाला लघवीला पळणं, रात्रीची झोप मोडलेली, आणि हातात ‘नॉर्मल’ लिहिलेले रिपोर्ट. अशा अवस्थेतल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे हे प्रश्न आहेत. भर निदानावर दिला आहे, कारण या आजारात सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. ही माहिती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे. हिच्या आधारे औषधं सुरू किंवा बंद करू नका.

हे दुखणं नेमकं कसं असतं?

जागा विचारली तर बहुतेकजणी एकाच ठिकाणी हात ठेवतात: बेंबीच्या बऱ्याच खाली, ओटीपोटाच्या तळाशी. कुणाला ठणका लागतो, कुणाला आतून दाबल्यासारखं वाटतं, कुणाला नुसती आग होते. कधी ते कंबरेत, मांड्यांत, योनीमार्गात किंवा गुदद्वाराकडे उतरतं. ओळखायची मुख्य खूण अशी की पिशवी भरत जाईल तसं दुखणं वाढतं आणि लघवी झाली की थोडा वेळ उतार पडतो. म्हणूनच माणूस पुन्हा पुन्हा जातो. कपड्यात गळेल ही भीती नसते, कळ थांबावी एवढीच इच्छा असते.

निरोगी माणूस दिवसभरात साधारण सात-आठ वेळा लघवीला जातो आणि एका वेळी दोनशे ते चारशे मिलिलिटर लघवी होते. या आजारात फेऱ्या पंधरा-वीस होतात आणि दर वेळी अर्धी वाटी, कधी त्याहूनही कमी. दुखणं रोज सारखं नसतं. चार दिवस बरे जातात, मग पाळीच्या आधी, लांबच्या प्रवासानंतर, शरीरसंबंधानंतर किंवा घरात काही ताणाचं घडलं की पुन्हा उसळी येते.

याला डॉक्टर काय म्हणतात? कागदावर वेगवेगळी नावं दिसतात.

‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे जुनं नाव, ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ हे नवं. फाइलवर ‘आयसी’, ‘बीपीएस’ किंवा दोन्ही जोडून ‘आयसी/बीपीएस’ लिहिलेलं दिसेल. तिन्हींचा रोख एकाच आजाराकडे आहे.

नावं का बदलली, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण निदानातला अर्धा गोंधळ तिथून येतो. जुनं नाव १८८७ साली अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी वापरलं. १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गाय हनर यांनी पिशवीच्या आतल्या लाल, सहज रक्त येणाऱ्या चट्ट्यांचं वर्णन केलं. पुढे कित्येक दशकं डॉक्टर तो चट्टा शोधत राहिले आणि ज्यांच्यात तो सापडला नाही त्यांना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवत राहिले. १९७८ मध्ये मेसिंग आणि स्टेमी यांनी चट्टे नसलेल्या रुग्णांकडे लक्ष वेधलं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधनासाठी कडक निकष बनवले आणि झालं काय, तर दवाखान्यांतही तेच वापरले जाऊ लागले. नंतर तपासून पाहिलं तेव्हा कळलं की अनुभवी तज्ज्ञांना ज्यांच्याबद्दल शंका नव्हती असे निम्म्याहून अधिक रुग्ण त्या निकषांत बसतच नव्हते.

आज अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे तिथल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेची, व्याख्या साधी आहे: मूत्राशयाशी संबंधित वाटणारं दुखणं, दाब किंवा अस्वस्थता, सोबत लघवीच्या तक्रारी, हे सहा आठवड्यांहून जास्त काळ, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कुठलंही कारण सापडलेलं नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २००८ मध्ये सहा महिन्यांची मुदत धरली होती. सहा आठवड्यांची अट मला जास्त माणुसकीची वाटते. उपचार सुरू करायला सहा महिने कळा सोसायची गरज नाही.

लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आहे. मग दुखतं कशाने?

लघवीच्या साध्या तपासणीत पेशी, साखर, प्रथिनं, रक्त, जंतू दिसतात. दुखणं दिसत नाही.

पिशवीच्या आतल्या बाजूला एक पातळ, बुळबुळीत संरक्षक थर असतो. लघवीतले क्षार, विशेषतः पोटॅशियम, आतल्या पेशींपर्यंत आणि नसांपर्यंत पोचू नयेत हे त्याचं काम. हा थर विरळ झाला की नसा चिडतात, असं एक स्पष्टीकरण आहे. काही रुग्णांच्या पिशवीच्या भिंतीत अ‍ॅलर्जीशी संबंधित ‘मास्ट’ पेशी जास्त सापडतात. आणखी काहींमध्ये मूळ दुखापत भरून येते, पण मज्जारज्जू आणि मेंदू दुखण्याचा संदेश मोठा करून ऐकत राहतात. बहुधा या एका नावाखाली तीन-चार वेगळे आजार एकत्र आले आहेत. म्हणून तर एकीला लागू पडलेलं औषध दुसरीला पडत नाही.

आतड्याचा आयबीएस (पोटात कळा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ), अर्धशिशी, अंगभर दुखणारा फायब्रोमायल्जिया हे याच्यासोबत अनेकदा आढळतात. तुम्हाला यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोटाचं पोटाच्या डॉक्टरला आणि लघवीचं लघवीच्या, अशी वाटणी केली की पूर्ण चित्र कुणासमोरच येत नाही.

हे इन्फेक्शनच असेल. अँटिबायोटिक घेतलं की मला बरं वाटतं.

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

ओळीने अँटिबायोटिकचे कोर्स, दर वेळी चार दिवस उतार, पुन्हा तेच, ही या रुग्णांची नेहमीची कहाणी. उतार पडण्याची कारणं जंतूंशिवाय बरीच असतात. दुखण्याची उसळी अनेकदा आपोआप आठवड्याभरात ओसरते. त्याच वेळी गोळ्या चालू असतात, म्हणून श्रेय गोळ्यांना जातं. सोबत दिलेलं लघवी नारिंगी करणारं औषध, म्हणजे फेनाझोपायरिडीन, पिशवीची आतली बाजू तात्पुरती बधिर करतं. लघवीचा आंबटपणा कमी करणारं सायट्रेटचं सिरप जळजळ कमी करतं. त्या दिवसांत माणूस पाणी जास्त पितो, लघवी पातळ होते. आणि डॉक्सिसायक्लीनसारख्या काही अँटिबायोटिकमध्ये जंतू मारण्याव्यतिरिक्त सूज कमी करण्याचाही गुण असतो.

फैसला करायचा तो लघवीच्या कल्चरने. साध्या तपासणीत ‘पस सेल्स’, म्हणजे पुवाच्या पेशी, थोड्या जास्त दिसल्या म्हणजे इन्फेक्शन सिद्ध होत नाही. स्त्रियांच्या नमुन्यात योनीमार्गातल्या स्रावामुळेही त्या येतात. कल्चरमध्ये जंतू वाढवून पाहतात, कुठलं औषध त्याला मारतं तेही कळतं, आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. नमुना देण्यात मात्र ढिलाई नको. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. जागा साध्या पाण्याने धुवा, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या, घरातल्या धुतलेल्या बाटलीत नको. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा, शक्य नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा.

ऐन त्रासाच्या दिवसांत दिलेली दोन-तीन कल्चर निर्जंतुक आली तर पुढचा अँटिबायोटिकचा कोर्स का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. या आजारावर दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नये, असं अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे. उलटही होऊ शकतं: आजार हाच, पण मध्येच खरंखुरं इन्फेक्शन झालं. म्हणून दुखण्याची चाल बदलली, ताप आला, लघवीला वेगळाच वास किंवा गढूळपणा आला तर कल्चर पुन्हा करा.

घरी म्हणतात ‘उन्हाळी लागली आहे, उष्णता वाढली आहे’. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा चालेल का?

वैशाखात दिवसभर उन्हात राबून पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि जळजळते. ती उन्हाळी दोन दिवस पाणी प्यायल्यावर जाते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी याने अपाय होत नाही. दीड महिना ही जळजळ टिकली तर मात्र तिला उन्हाळी म्हणत बसू नका. कोकम सरबत आणि लिंबू पाणी ‘थंड’ म्हणून आग्रहाने पाजलं जातं, पण दोन्ही आंबट आहेत आणि या आजारात अनेकींची आग त्याने भडकते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या क्रॅनबेरीच्या पुड्यांचंही तेच. वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गासाठी त्यांचा थोडाफार उपयोग असेल, दुखऱ्या पिशवीला त्या सोसतीलच असं नाही.

मुतखड्यावरची झाडपाल्याची पुडी, खडा नसताना, कशासाठी घ्यायची हे मला कधीच कळलेलं नाही.

एकच अशी तपासणी आहे का, जिने आजार पक्का कळेल?

नाही. रक्ताची, लघवीची, स्कॅनची, कुठलीच नाही. निदान होतं ते तुमची हकीकत नीट ऐकून, पोट आणि ओटीपोटाची तपासणी करून आणि सारखी दिसणारी इतर दुखणी एकेक करून बाजूला काढून. पूर्वी पिशवीत पोटॅशियमचं द्रावण सोडून दुखतं का हे पाहत. त्यात रुग्णाला यातना फार आणि मिळणारी माहिती थोडी, म्हणून आता ती करू नये असंच सांगतात.

साधारण क्रम असा: लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तातली साखर, लघवी करण्याआधी आणि नंतरची सोनोग्राफी, लघवीची डायरी. ‘ओ’लिअरी-सँट’ नावाची एक प्रश्नावलीही वापरतात. तिच्यातल्या गुणांवरून निदान करत नाहीत. उपचार सुरू झाल्यावर फरक पडतोय का, हे मोजायला ती कामाची.

साखर, ओव्हरॅक्टिव्ह ब्लॅडर आणि हे, यांत फरक कसा करायचा?

मधुमेहात फेऱ्या वाढतात आणि दर वेळी लघवी भरपूर होते, तहानही खूप लागते. ओव्हरॅक्टिव्ह ब्लॅडरमध्ये अचानक जोराची लागते, पोचेपर्यंत गळते, पण दुखणं नसतं. ब्लॅडर पेनमध्ये लघवी थोडी, दुखणं ठळक, गळणं क्वचित. एकाच माणसात दोन गोष्टी असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

लघवीची डायरी म्हणजे काय? खरंच लिहायला हवी का?

हवीच. सगळ्यांत स्वस्त तपासणी हीच आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते तीही हीच.

स्वयंपाकघरात असतं तसं मापाचं प्लास्टिकचं भांडं बाजारातून वेगळं आणा, ते फक्त याच कामाला ठेवा. तीन दिवस निवडा, सलग नसले तरी चालतील, त्यातला एक सुट्टीचा असला तर बरं. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, किती मिलिलिटर, जाण्याआधी दुखणं शून्य ते दहापैकी किती, आणि झाल्यावर किती. शेजारी काय प्यायलं, काय खाल्लं. रात्री झोपेतून उठून गेलात तर त्यावर खूण करा. नोकरीवर मोजणं जमत नसेल तर निदान वेळ तरी टिपा.

तीन दिवसांनी या कागदावर बरंच काही उमटतं. दर वेळी साठ-सत्तर मिलिलिटर आणि झाल्यावर दुखणं आठवरून चारवर, ही पिशवीच्या दुखण्याची खूण. एकूण लघवी दिवसाला साडेतीन लिटर भरली तर प्रश्न पिण्याचा, साखरेचा किंवा एखाद्या गोळीचा असू शकतो. दिवसा वीस फेऱ्या पण रात्री सलग सात तास झोप, असं असेल तर डॉक्टर वेगळ्या दिशेने विचार करतील. ‘खूप वेळा जाते हो’ म्हणणाऱ्या बाईला पाच मिनिटांत उठवलं जातं, आकडे समोर ठेवणाऱ्या बाईला सहसा नाही. हे न्याय्य नाही, पण ओपीडीत असंच चालतं.

सोनोग्राफीत काही निघालं नाही. मग ती वाया गेली का?

नाही. खडा, गाठ, मूत्रपिंडाची सूज आणि लघवी झाल्यावर पिशवीत उरलेली लघवी, या चार गोष्टींची उत्तरं तिने दिली. ब्लॅडर पेनमध्ये सोनोग्राफी बहुधा स्वच्छच येते.

तपासणीआधी लॅबमध्ये लिटरभर पाणी पाजून ‘अजून भरली नाही’ म्हणून ताटकळत ठेवतात, तो या रुग्णांना छळच असतो. आधीच सांगा की तुमची पिशवी लवकर भरते आणि दुखते. थोडी भरली तरी बरंच दिसतं.

दुर्बिणीची तपासणी करायलाच हवी का?

प्रत्येकाला नाही. हकीकत स्पष्ट असेल आणि धोक्याची खूण नसेल तर तिच्याशिवायही उपचार सुरू करता येतात. लघवीत रक्त, वय जास्त, धूम्रपान, निदानाबद्दल शंका किंवा हनरच्या चट्ट्यांचा संशय, अशा वेळी सिस्टोस्कोपी, म्हणजे ही दुर्बिणीची तपासणी, करावी.

हनरचे चट्टे सगळ्यांत नसतात, थोड्याच रुग्णांत सापडतात, त्यातही पन्नाशीच्या पुढे जास्त. पण सापडले तर ती एका अर्थी चांगली बातमी, कारण ते जाळून काढणं किंवा त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं यासारख्या थेट उपायाने बराच आराम पडतो. चट्टे पुन्हा येऊ शकतात आणि उपचार पुन्हा करावा लागतो. म्हणून उतारवयात दुखणं तीव्र असेल आणि साध्या उपायांना दाद देत नसेल, तर दुर्बीण लांबवू नये.

भूल देऊन केलेल्या तपासणीत कधी पिशवी पाण्याने हलकेच ताणतात. त्यानंतर भिंतीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले की पूर्वी लगेच शिक्का मारत. १९९८ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, लघवीची काहीही तक्रार नसलेल्या बायकांमध्येही ते ठिपके सापडले. तेव्हा रिपोर्टमध्ये नुसतं ‘ग्लोमेरुलेशन्स’ लिहिलं असेल तर त्यावरून आजार आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही. ताणायचं तर कमी दाबाने आणि थोडा वेळ. जोराने, बराच वेळ ताणणं आता नको म्हणतात.

दुखते का? भूल न देता केली तर नळी जाताना आग होते, या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त. बधिर करणारं जेल लावून काही मिनिटं थांबायला सांगा. नंतर एक-दोन दिवस लघवी किंचित गुलाबी होऊ शकते.

टीबीमुळे असं होतं का?

होतं, आणि आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परदेशी माहिती वाचून निदान शोधणाऱ्यांच्या नजरेतून हीच गोष्ट सुटते. मूत्रपिंडातून उतरलेला क्षयरोग पिशवीत पोचतो, भिंत व्रण होऊन आक्रसते, आणि पिशवीत पन्नास मिलिलिटरही मावेनासं होतं. तक्रारी जवळपास त्याच: दिवसरात्र फेऱ्या, आग, ओटीपोटात कळ. खोकला, ताप, वजन घटणं असेलच असं नाही.

खूण अशी: लघवीत पस सेल्स पुष्कळ, कधी रक्तही, पण साधं कल्चर कोरडं. क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. ते लघवीत रोज उतरतातही असं नाही, म्हणून सकाळची पहिली लघवी लागोपाठ तीन ते पाच दिवस द्यावी लागते. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, आणि टीबीचं वेगळं कल्चर करतात. साध्या कल्चरला दोन-तीन दिवस पुरतात, टीबीच्या कल्चरला कित्येक आठवडे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन गटातली औषधं अंदाजाने दिली तर क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात आणि निदान आणखी लांबतं. ऊठसूट अँटिबायोटिक नको म्हणण्याचं हे एक मोठं कारण.

निदान झालं तर राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात, कोर्स साधारण सहा महिन्यांचा. जखम भरताना मूत्रनलिका अरुंद होऊ शकते, म्हणून गोळ्या चालू असतानाही सोनोग्राफी चुकवू नका.

कॅन्सर तर नाही ना?

ब्लॅडर पेन सिंड्रोमचा कॅन्सर होत नाही. मात्र पिशवीच्या अस्तरात पसरणारा, ‘कार्सिनोमा इन सिटू’ नावाचा कॅन्सर अगदी अशीच जळजळ आणि फेऱ्या देऊ शकतो. लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त एकदाच आलं आणि थांबलं, तरी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनकडे, जा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. लघवीची सायटॉलॉजी (त्यातल्या पेशींची तपासणी), दुर्बीण आणि गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासणी, याने उलगडा होतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वी रेडिएशन घेतलं असेल, किंवा सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचं औषध झालं असेल, तर ते सांगायला विसरू नका. वर्षांनंतरही पिशवीला त्याचा त्रास होतो. केटामाइन हे भुलीचं औषध नशेसाठी वापरणाऱ्या तरुणांची पिशवी खराब होते, हे २००७ पासून माहीत आहे. मुलगा किंवा मुलगी सांगणार नाही, डॉक्टरांनी एकट्यात विचारायला हवं.

पाळीच्या दिवसांत जास्त दुखतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊ की युरोलॉजिस्टकडे?

दोघांकडे, आणि एकाचे कागद दुसऱ्याला दाखवा. पाळीशी जोडलेलं दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर कळ, मूल राहण्यात अडचण, यामागे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, असू शकतो, आणि तो ब्लॅडर पेनसोबतही राहतो. सोनोग्राफी स्वच्छ असली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं म्हणता येत नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये कोरडेपणामुळेही लघवीच्या जागी आग होते आणि त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. एक विनंती: या दुखण्यासाठी ‘पिशवीच काढून टाका’ असा सल्ला मिळाला, म्हणजे गर्भाशय काढायचा, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. गर्भाशय गेल्यावरही लघवीच्या पिशवीचं दुखणं तसंच राहिलेल्या बायका कमी नाहीत.

किडनी स्पेशालिस्ट, म्हणजे नेफ्रोलॉजिस्ट, हा या दुखण्याचा डॉक्टर नव्हे. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत युरोलॉजी विभाग आहेत.

पुरुषांना होतं का?

होतं. त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा ‘प्रोस्टेटायटिस’ (प्रोस्टेट ग्रंथीची सूज) लिहिलं जातं आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालतं. वृषण, लिंगाचं टोक, गुदद्वार आणि वृषणांमधली जागा दुखत असेल, पिशवी भरली की वाढत असेल, कल्चर कोरडं असेल, तर हा विचार व्हायला हवा. पन्नाशीच्या पुढे प्रोस्टेटची वाढ आणि कुठल्याही वयात मूत्रमार्ग अरुंद होणं, हे आधी तपासतात.

इंटरनेटवर वाचून केगलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, व्यायाम सुरू केले. दुखणं वाढलं. असं का?

कारण अनेक रुग्णांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले नसून आधीच आवळलेले असतात. कळ दाबून धरायची सवय लागली की ते सैल व्हायचं विसरतात. केगलने ते आणखी आवळतात. इथे उलटं काम हवं: या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून गाठी सोडवून घेणं, पोटाने श्वास घेणं, सैल सोडायला शिकणं. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी बोटाने हे स्नायू दाबून पाहायला हवेत. ती तपासणी झाली का, हे विचारा. दोन मिनिटांची आहे आणि सर्रास राहून जाते.

आहार बदलून फरक पडतो का?

बऱ्याच जणांना पडतो, सगळ्यांना नाही. चहा, कॉफी, सोडा घातलेली पेयं, दारू, लिंबू-संत्री, टोमॅटो, तिखट, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणि साखरेऐवजीचे गोडवे यांच्याबद्दल तक्रारी जास्त येतात. आपल्या ताटात याचा अर्थ ठेचा, मिसळीची तर्री, चिंचगुळाची आमटी, आमसुलाचं सार, सोलकढी, कैरीचं पन्हं. सगळं एकदम आणि कायमचं सोडून वरणभातावर राहू नका. तीन आठवडे हे बंद ठेवा, मग तीन-तीन दिवसांनी एकेक पदार्थ परत आणा आणि डायरीत नोंद करा. ज्याने उसळी आली तेवढाच टाळा. सकाळचा चहा सुटत नाही, हे मला माहीत आहे. निम्मा कप करून, रिकाम्या पोटी न घेता बघा.

पाणी कमी करणं ही नेहमीची चूक. एसटीचा प्रवास, बाजार, कार्यालय, कुठेच धड स्वच्छतागृह नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी घट्ट होते आणि जास्त जाळते. मुंबईत २०११ साली बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ सुरू झाली ती याच गैरसोयीवर, आणि या आजाराच्या बाईला ती गैरसोय दुप्पट सोसावी लागते. घोट घोट पाणी दिवसभर विभागून प्या.

उपचार आहेत का?

आहेत. पूर्ण मुळासकट घालवणारा नाही, आटोक्यात ठेवणारे अनेक आहेत. आहार, स्नायूंची फिजिओथेरपी आणि लघवीची वेळ हळूहळू वाढवणं यापासून सुरुवात. रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन देतात. हे नैराश्याचं औषध म्हणून गोंधळू नका, इथे ते नसांच्या दुखण्यासाठी असतं. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते. काचबिंदू असेल तर आधी सांगा. हायड्रॉक्सिझिन हे अ‍ॅलर्जीचं औषधही वापरतात. पिशवीत नळीने औषध सोडतात, त्यात हेपारिन, बधिर करणारं लिडोकेन किंवा सूज कमी करणारं डीएमएसओ असतं.

पेंटोसान पॉलिसल्फेट या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. अमेरिकेत १९९६ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. २०१८ मध्ये दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं समोर आलं आणि २०२० मध्ये तिथे औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. गोळी सुरू करताना डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, पुढेही वेळोवेळी. मंद उजेडात वाचायला त्रास होऊ लागला तर लगेच कळवा.

याने भागलं नाही तर बोटॉक्स, नसांना विद्युत संकेत देणारं यंत्र, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन. पिशवीची मोठी शस्त्रक्रिया अगदी शेवटी आणि क्वचित.

सगळे म्हणतात मनाचं आहे.

रात्री सहादा उठणाऱ्या कुणाचंही मन ठिकाणावर राहणार नाही. ताणाने दुखणं वाढतं, हे खरं. ताण हेच कारण आहे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. समुपदेशनाचा उपयोग होतो, तो दुखण्याच्या उपचारासोबत. उपचाराऐवजी नव्हे.

नवऱ्याला लागण होईल का? संबंध ठेवायचे का?

लागण होत नाही. संबंधाआधी आणि नंतर लघवी करा, दुखणारी स्थिती टाळा, कोरडेपणा असेल तर वंगण वापरा. उसळीच्या दिवसांत नको म्हणणं रास्त आहे. नवऱ्याला एकदा डॉक्टरांच्या खोलीत सोबत घेऊन जा. घरी सांगून जे पटत नाही ते तिथे ऐकून पटतं, असा अनुभव अनेकींचा आहे.

कधी अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही?

थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवी पूर्ण अडकणं, रक्ताच्या गुठळ्या पडणं, पायांतली ताकद जाणं किंवा बसायची जागा बधिर होणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरोदर असाल तर साध्या जळजळीसाठीही कल्चर लगेच.

पहिल्या भेटीला काय घेऊन जाऊ?

डायरीचा कागद. आजवरची सगळी कल्चर तारखेनुसार लावलेली, साध्या लघवीच्या रिपोर्टांपेक्षा ती वर ठेवा. घेतलेल्या अँटिबायोटिकची यादी, प्रत्येकापुढे ‘किती दिवस उतार’. सोनोग्राफीचा लेखी रिपोर्ट, फिल्म नसली तरी चालेल. ऑपरेशनं, बाळंतपणं, रेडिएशन, घरातला टीबी. सध्याच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट, लपवाछपवी न करता. आणि एका ओळीत लिहून ठेवा: दुखणं कधीपासून, कुठे, पिशवी भरल्यावर वाढतं का, रिकामी झाल्यावर उतरतं का. डॉक्टर घाईत असले तर तो कागदच त्यांच्यापुढे सरकवा.